टाच घासायचा दगड

चिचबोडी,
५ नोव्हेंबर १९५६

टेकचंद बाबू,

तुही चिठ्ठी भेटली. चार पानं. तीन पानं दगडावर, एक पान नोकरीवर. भावाची आठवण शेवटी आली, सहीच्या वर. वाचून चुलीत टाकणार होती. पण घरात दुसरा कागद नाही, म्हणून तुह्याच पानायच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिली. उलटून पाहिलं तं तुलेच तू भेटशील.

तुले अजून समजलं नाही असं दिसते, म्हणून सरळ लिहिते. दसऱ्याच्या दुपारी तुह्या भावानं उदारामचं डोकं फोडलं. तलावाच्या पाळीवर, तुडुमाजवळ. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातून धानाच्या बांधीत पाणी सोडायचं भोक, जबलपुरात राहून विसरला असशील. उदाराम पहिल्याच घावात खाली बसला. बसलेल्या माणसाले मारलं. मग आडवा झाला तं आडव्याले मारलं. पाणी सुटलेलंच होतं. लाल झालं अन् आपल्याच बांधीत गेलं. सारा गाव पाळीवर उभा होता, पण कोणी खाली उतरला नाही.

अन् मारलं ते तुह्या दगडानं.

दरोग्यानं दगड कापडात बांधून नेला. म्हणे याच्या खाचायत रक्त सुकलं हाये. मी म्हटलं, हो, रक्तच हाये.

आता ध्यान देऊन वाच. वकील म्हणते सगळी केस या दगडावर हाये. भांडणात जे हाताशी आलं ते उचललं अन् मारलं, असं दिसलं तं काही वर्षं जेल. घरून आणून मारलं, असं दिसलं तं ठरवून केलेला खून. मग फाशी. मी म्हटलं, वकील साहेब, दगड तं तलावाच्या घाटावरच राहे, मी त्यानं टाचा घासत होती. वकील म्हणते, बाई, तुम्ही बायको, तुमच्या एकटीच्या बोलण्यावर कोर्ट भरवसा ठेवत नाही. अन् सरकारी वकील विचारंल, या अख्ख्या झाडीपट्टीत असा दगड दुसरा नाही, हा घाटावर आला कुठून? मी म्हटलं, माह्या देवरानं आणला. वकील म्हणते, मग त्याले बोलवा.

तं ये. तुले इतकंच सांगाचं हाये, का दगड माहा, मी आणला, वयनीनं घाटावर नेला, मी सुट्टीत आलो तवा तिथंच पडलेला पाहिला. बस. यात कोणता डोंगर उचलाचा हाये?

तू लिहिते, दगड नागपूरच्या कॉलेजाच्या काचेच्या कपाटातून उचलला होता. दगड ज्या मिठाच्या डोंगरातला तो डोंगर फाळणीत पाकिस्तानात गेला, तसा दगड आता येणं नाही, म्हणून कपाटातली जागा रिकामी दिसते, म्हणून विचारपूस चालू हाये, म्हणून कबूल केलं तं जबलपूरची मास्तरकी जाईल. समजलं. एकीकडं तुही मास्तरकी, एकीकडं तुह्या भावाची मान. तुले विचार कराले चार पानं लागले.

तू नाही आला तं मी येईन. गोंदियावरून छोट्या गाडीत बसायचं मले माहीत हाये. तुह्या पोट्ट्यायच्या समोर उभी राहीन अन् सांगीन, का या मास्तराच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या हायेत, अन् याच्या भावानं याले शिकवाले खालची बांधी विकली हाये. मग शिकव त्याहिले दगड.

आशीर्वाद आल्यावर देईन.

रुख्मा


चिचबोडी,
२९ नोव्हेंबर १९५६

टेकचंद,

आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणते. ठाण्याची पाटी बदलली, दरोगा तोच हाये.

उदारामचा भाऊ टिकाराम सकाळी आपल्या दारात आला. "वयनी, आगपेटी देता का?" मी देली. मले वाटलं बिडी पेटवाची असंल. त्यानं माह्याच आगपेटीनं माह्या दारातला धानाच्या तणसाचा ढीग पेटवला, उभा राहून पूर्ण जळू देला, अन् आगपेटी वापस आणून देली. "घ्या, दोन काड्या उरल्या." पाहणारे हासले. मले बी हासू आलं असतं, पण ढिगाच्या आतमध्ये कोंबडी अंड्यावर होती.

मग पाखऱ्या बैल. त्याच्या मागच्या पायाच्या शिरा कोणी कापल्या ते माहीत नाही, म्हणजे माहीत हाये. तो घरामागं सांदवाडीत बसला तो उठला नाही. ओरडत राहिला. मी त्याच्या डोळ्यावर ओला पदर टाकून बसत होती. मेला तवा मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून मी चुलीवरचं गंज उचलून भिंतीवर फेकलं.

अशात तुही दुसरी चिठ्ठी. एकच पान यावेळी, सुधारला तू. म्हणते, "वयनी, मी विज्ञानाचा माणूस. पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगू शकत नाही."

वा गा. चोरी करते, पण खोटं बोलत नाही.

अन् पाहिलं नाही कसं? चार वर्षं झाली, तू उन्हाळ्यात आला, पेटीतून धोतरात गुंडाळलेला दगड काढला. विटेएवढा, काळा-जांभळा, अन् त्यावर तो किडा. मधात एक कणा, दोन्ही बाजूले फासळ्या, वर चंद्रकोरीसारखे दोन डोळे. तू म्हटलं, याचं नाव रेडलिचिया. मी म्हटलं, रेडा हाये का रेडी? तुहा भाऊ म्हणाला, "दगडाची गोचीड आणली यानं. जित्या काय कमी होत्या गोठ्यात?" तू किती चिडला होता. कोनाड्यात देवाशेजारी ठेवला अन् म्हणाला कोणी हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी तूच घाटावर आला अन् बोंबलला. "वयनी! पन्नास कोटी वर्षांचा जीव हाये तो, अन् तू टाचा घासून राहिली!" मी म्हटलं, पन्नास कोटी वर्षं बसूनच हाये ना, थोडं काम करू दे. पण खरं सांगू, असा दगड घाटावर कधीच नव्हता. फासळ्या बरोबर भेगेत बसत. चिखलात रोवणी करून आलेल्या टाचेले त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तू तो हिसकून नेला. तू गेला, मी पुन्हा घाटावर आणला. तवापासून तिथंच राहे. पुढच्या सुट्टीत तू आला तं उजव्या बाजूच्या फासळ्या घासून सपाट झालेल्या पाहून तू दिवसभर जेवला नाही. मग पाहिलं नाही कसं म्हणते?

तिथंच राहे. हे पाठ कर.

भांडण कायचं झालं ते बी तू विचारलं नाही, तं मीच सांगते. मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला, तवापासून पाण्याची पाळी कोणाची हे कोणी ठरवत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी. त्या दिवशी उदारामनं तुडूम बंद कराले हात घातला. तुहा भाऊ ओरडला. तं उदाराम सगळ्यायसमोर म्हणाला, "पाण्यावर कायले जोर दाखवून राहिला? तुहा जोर बायकोच्या दातावर चालते." लोकं हासले. तुहा भाऊ पाळीवरून उतरला अन् दगड घेऊन आला, पण घाट अन् घर एकाच बाजूले, कुठून आणला ते कोणी पाहिलं नाही. इतकंच.

माहे दात धान कांडताना मुसळ लागून पडले होते, हे तुले मागं लिहिलं होतं. उदारामले काही माहीत नव्हतं. लोकं उगीच बोलतेत.

ये.

रुख्मा


चिचबोडी,
१९ जानेवारी १९५७

बाबू,

धान घरी आलं. एका बैलानं अन् मी. मळणीले माणूस कोणी येईना, मी काठीनं झोडलं. हाताची सालं गेली. पण आलं.

यावेळी तुले शिव्या देत नाही. एक वेगळीच गोष्ट झाली हाये, ती कोणाले सांगू? मले भूक लागून राहिली. सकाळी उठलं का भूक. दुपारी भूक. मी भात करते अन् चुलीजवळ बसून गरम गरम खाते, एकटी, अन् कोणाच्या चपलेच्या आवाजावर माहा कान नाही. लग्न होऊन आली तवापासून मी कान लावूनच जेवली. दारात चप्पल जोरानं निघाली का मी ताट सरकवत होती. आता ताट सरकवत नाही.

मुसळ मले एकदाबी लागलं नाही, बाबू. तू लहान नव्हता. तुले समजत होतं. त्या सुट्टीत माहा गाल सुजलेला पाहून तू म्हटलं, "वयनी, दाढ दुखते का?" मी हो म्हटलं. तुले बी बरं वाटलं, मले बी.

घाटावर धुरपता भेटली. उदारामची बायको. दसऱ्यानंतर पहिल्यांदा आम्ही दोघीच होतो. मी उठून जायला लागली.

"कायले उठली? धू."

"तू आधी धू."

"माहं होते लवकर. माह्या घरी आता धोतर नाही धुवाले."

मी खाली पाहून कपडा आपटत राहिली. तीच बोलली.

"त्याचं कपाळ पाहिलं होतं तू?"

"नाही वो."

"मी आंघोळ घातली तवा पाहिलं. हळद लावून राहिली तं बोटाले लागलं. रेघा उमटल्या होत्या. बारीक बारीक, एकीखाली एक, फासळ्यायसारख्या. तुह्या दगडातला किडा माह्या नवऱ्याच्या कपाळावर बसला होता. तसाच जाळला मी त्याले, किड्यासकट."

माह्या हातातला कपडा पाण्यात गेला. तिनं काठीनं ओढून देला.

"कोर्टात सांगणार म्हणते तू, दगड घाटावर राहे."

"राहेच."

"राहे. मी बी पाहिला हाये, तुह्या टाचेखाली." मग पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकून म्हणाली, "पण दसऱ्याले मी सकाळपासून इथंच होती, रुख्मा. घरभराचं धुणं होतं. मले नाही दिसला."

"दरोग्याले सांगितलं?"

"सांगितलं. म्हणे तू मेलेल्याची बायको, तू तं म्हणशीलच." अन् गेली. शिवी सुद्धा देली नाही. देली असती तं बरं झालं असतं.

एक विचारते. तू त्या उन्हाळ्यात म्हटलं होतं, वयनी, हा किडा नाही, किड्याची कात हाये. याचे गाल पाहा, नाहीत. कात टाकायच्या वेळी गालाचे दोन तुकडे सुटतात, त्या फटीतून आतला जीव सरकून बाहेर निघते अन् चालला जाते. दगड होते ते मागं राहिलेलं. मी म्हटलं, मग तो स्वता गेला कुठं? तू नुसता हासला. तुले माहीत होतं का नव्हतं?

वकील म्हणते उन्हाळ्यानंतर तारीख लागंल. तू येणार का नाही ते लिही. मी आता फक्त विचारून राहिली.

रुख्मा


चिचबोडी,
११ मार्च १९५७

बाबू,

भंडाऱ्याले जाऊन आली. जेलात भेट झाली. मधात जाळी.

तुहा भाऊ दुबळा नाही झाला. उलटा भरला हाये. पहिले विचारलं, "बांधी कोण पाहून राहिलं?" मी म्हटलं मीच. "धान किती झालं?" सांगितलं. तं म्हणाला, "माह्याविना झालं म्हणजे चोरून कोणाची मदत घेतली तू?"

मी शिपायाकडं पाहिलं. मी भाकर नेली होती, ती शिपायाच्या हातात होती.

मग जाळीले तोंड लावून हळू बोलला. म्हणाला, "उदारामले तुह्या दातायची खबर कोणी देली? तो तुह्या तोंडात पाहाले आला होता का?" म्हणाला, "टेकचंद येऊन राहिला, वकिलानं सांगितलं. थोड्या वर्षाचा मामला हाये. बाहेर आलो का पहिले तुह्या तोंडात उरले तेवढे काढतो, मग पाळीवर नेतो." हे सांगताना तो रागावलेला नव्हता. शेतात पुढं काय पेराचं ते सांगते तसा सांगत होता.

शिपाई म्हणाला, झाला टाइम.

येताना बसमध्ये एका म्हातारीनं म्हटलं, "बाई, तुह्या तोंडातून रक्त येऊन राहिलं." मी ओठ चावला होता. कधी चावला माहीत नाही.

तू येणार हाये हे मले वकिलाच्या तोंडून समजलं. मले लिहिलं असतं तं चाललं असतं.

रुख्मा


चिचबोडी,
२ एप्रिल १९५७

बाबू,

येऊ नको.

कारण लिहित नाही, पोस्टमास्तर चिठ्ठ्या उघडते. पण येऊ नको. तुही नोकरी सांभाळ. मी म्हटलेलं सगळं विसर.

रुख्मा


चिचबोडी,
२८ जुलै १९५७

टेकचंद बाबू,

कोर्टातून तू सरळ बसवर गेला. मी मागं धावली, पण बायका आडव्या आल्या, अन् बस निघाली. तू खिडकीत होता. पाहिलं नाही.

तं हे वाच. फाडायचं असंल तं वाचून फाड.

मी बाहेर बाकावर बसली होती. साक्षीदार आत बसत नाही. तू आधी आत गेला, कोट घालून. बाहेर आला तं घामानं कॉलर भिजली होती. म्हणाला, "झालं वयनी. घाटावर पाहिला म्हणून सांगितलं. चोरीचं बी सांगितलं. प्रिन्सिपल साहेबाले कालच लिहून देलं होतं." मी म्हटलं, तुले येऊ नको म्हटलं होतं ना गा! अन् तू हासला. "आपल्या घरात येऊ नको म्हणजे ये. तू रुसली म्हणून समजलो मी. माय बी अशीच म्हणे."

तितक्यात माह्या नावाचा पुकारा झाला. नाहीतर मी तुले तिथंच सांगितलं असतं. सांगितलं असतं का? माहीत नाही. सांगितलं असतं.

तू माह्या मागून आत येऊन मागच्या बाकावर बसला. तू सगळं ऐकलं, पण तू मान खाली घातली होती, अन् काही गोष्टी कोर्टानं घेतल्याच नाही. म्हणून पुन्हा सांगते.

कारकुनानं विचारलं, नवऱ्याचं नाव? सगळे थांबले. आपल्या वकिलानं तोंड उघडलं, बायका नाव घेत नाही म्हणून तोच सांगणार होता. मी म्हटलं, "परसराम." अकरा वर्षांत पहिल्यांदा. मागून बायकायचा आवाज आला, हाऽ असा. मले वाटते त्यायले तिथंच समजलं.

टेबलावर दगड होता. पायाले दोरी बांधलेल्या कोंबडीसारखी नंबराची चिठ्ठी बांधली होती त्याले. आपल्या वकिलानं विचारलं, हा दगड कुठं राहे? घाटावर. तुम्ही कायले वापरत होत्या? टाचा घासाले. रोज? रोज. त्यानं तो न्यायाधीशाले उचलून दाखवला, पाहा साहेब, उजवी बाजू कशी घासली हाये, अन् आत्ताच याच्या भावानं सांगितलं, आणला तवा हा पूर्ण होता. सगळं खरं होतं. वकील खुशीत बसला.

मग सरकारी वकील उठला. काही कागद पाहिला नाही त्यानं. म्हणाला, "रोजचं समजलं बाई. त्या दिवशी कुठं होता?"

मी परसरामकडं पाहिलं. तो कठड्यात उभा होता अन् जिभेनं आपलेच दात चाचपून राहिला होता. तू पाहिलं नाही ते. मी अकरा वर्षं पाहिलं. चप्पल जोरानं निघे, मग तो जिभेनं दात चाचपे, मग हात उठे.

मी म्हटलं, "घरी होता."

दसरा होता, बाबू. दसऱ्याले आपण हत्यारं धुऊन मांडतो, फाळ, कुऱ्हाड, विळे, पावशी, सगळ्यायले कुंकू लावतो. तुह्या घरचा मालगुजाराच्या काळचा रिवाज. मी पहाटेच घाटावर गेली अन् दगड बी धुऊन आणला. म्हटलं माहं हत्यार तं हेच हाये. विळ्याशेजारी ठेवला, फासळ्यायत कुंकू भरलं. एकटीच हासली होती मी. दरोगा ज्याले रक्त म्हणत होता त्यात अर्धं कुंकू होतं. त्याले ओळखू आलं नाही, तो शहरातला.

परसराम पाळीवरून आला. पाणी मागितलं. मी देलं. पूर्ण पिला. मग हत्यारायसमोर उभा राहिला. कुऱ्हाड होती तिथं. कुऱ्हाडीवर हात फिरवला अन् सोडली. विळा सोडला. माहा दगड उचलला. शेल्यात गुंडाळला. मले म्हणाला, "तुह्यासाठी बोलला ना तो. तुह्याच दगडानं."

हे मी कोर्टात सांगाले लागली तं आपला वकील ओरडून उठला. नवरा बायकोले काय बोलला ते कोर्टात घेता येत नाही, असा कायदा हाये म्हणे. न्यायाधीश बी म्हणाले, बाई, त्यानं काय केलं तेवढं सांगा, काय म्हणाला ते नको. तं मी सांगितलं, दगड उचलला, शेल्यात गुंडाळला, पाळीकडं गेला. तेवढं लिहून घेतलं.

पण तो उंबऱ्यात थांबला होता. अन् जे बोलला ते कोर्टानं घेतलं नाही, तं तू घे. तो म्हणाला, "जातो."

आपल्या घरात कोणी जातो म्हणते का, बाबू? बांधीवर निघालं तरी येतो. मयतीले निघालं तरी येतो. तुही माय शेवटच्या दिवशी खाटेवरून बी येते म्हणाली होती. तो मले मारून घराबाहेर पडे तवा बी येतो म्हणे. त्या दिवशी त्यानं जातो म्हटलं अन् मले समजलं. पाळीवर पोचायच्या आधी समजलं. अन् मी बसून राहिली. हत्यारायमधात दगडाची जागा रिकामी होती, तिथं कुंकवाचा चौकोन राहिला होता, तो पाहत.

कोर्टातून निघाली तं धुरपता समोर आली. तिनं मले मारलं. उघड्या हातानं, जिकडं दात नाही तिकडच्या गालावर. "जातो म्हणाला असंल ना तो? म्हणाला असंल. तू आवाज का नाही देला वो? पाळीवर माहा माणूस उभा होता, एक हाक मारली असती तं पळाला असता!" कायद्यानं जे ऐकलं नाही ते तिले बिना सांगता समजलं. माह्या तोंडात पुन्हा रक्त आलं. पण बाबू, मले राग नाही आला. आजपर्यंत मले कोणी कारणानं मारलं नव्हतं.

मग तिनंच नळावरून लोटीत पाणी आणून देलं. चूळ भर म्हणाली. अन् पुन्हा मारते का काय म्हणून मी डोळे बंद केले, तं ती गेली होती.

जन्मठेप झाली. फाशी नाही. वकील म्हणते, न्यायाधीशानं लिहिलं, पाण्याच्या भांडणात अपमान झाला होता म्हणून दया. शिपाई त्याले नेऊन राहिले तं तो माह्या जवळून गेला. काहीच म्हणाला नाही. येतो बी नाही, जातो बी नाही.

तुही मास्तरकी गेली, हे मले वकिलानं सांगितलं. खोटी साक्ष देली म्हणून खटला नाही भरणार, असं बी म्हणाला, कारण तू रोजचं सांगितलं, त्या दिवशीचं तुले कोणी विचारलंच नाही. तू नोकरी सोडून खोटं बोलाले तयार झाला, माह्यासाठी. अन् मी खरं बोलली, तेही माह्यासाठीच. तू माफ करशील असं मी लिहित नाही. तू मले अक्षर शिकवलं पाळीवर बसून, ओल्या मातीत काडीनं. त्या अक्षरानं तुले बोलावलं, त्याच अक्षरानं येऊ नको म्हटलं. दोन्ही वेळी तुहं नुकसानच केलं.

दगड कॉलेज वापस मागून राहिलं म्हणते. त्यायच्या कपाटात जाईल. अर्ध्या फासळ्या माह्या टाचेनं गेल्या, कुठं कुठं उदाराम असंल, कुठं कुंकू. काचेतून पाहणाऱ्या पोट्ट्यायले मास्तर सांगंल, रेडलिचिया, पन्नास कोटी वर्षं, मिठाचा डोंगर. सांगू दे. साक्ष देताना मी त्याच्याकडं जवळून पाहिलं. गाल नव्हतेच त्याले. तू बरोबर म्हटलं होतं, निघून गेला तो. आता मी विचारत नाही कुठं गेला म्हणून.

टिकाराम बैल आणून बांधून गेला. "पाखऱ्याच्या जागी," म्हणाला. मी म्हटलं, आगपेटी पाहिजे का? तो हासला नाही. मी हासली.

तू जबलपुरात काय करशील माहीत नाही. इथं बांधी हाये, अर्धी तुही. तुले ये म्हणत नाही अन् येऊ नको बी म्हणत नाही. तू उलटं समजते.

पाऊस दगा देऊन राहिला, रोवायचे धानाचे परे पिवळे पडून राहिले. आज पाण्याची पाळी माही हाये, गावानं ठरवून देली. ऊन चढायच्या आधी तुडूम उघडाचा हाये. तं उठते. पाळीवर जाते.

येते.

रुख्मा